तो बुश मी पास केला होता, उस्ताद

उस्ताद,

परवा तुमच्या तेराव्याला आले होते. ओसरीवर बसलेला प्रत्येक जण तुम्हाला देवमाणूस म्हणत होता. एक जण म्हणाला, एवढ्या वर्षांत आवाज चढलेला ऐकला नाही. दुसरा म्हणाला, लोकांची चूकसुद्धा स्वतःच्या अंगावर घ्यायचे. हे ऐकलं आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवून उठले. काकूंना वाटलं मला रडू आवरेना. त्या माझ्यामागे दारापर्यंत आल्या, पाठीवरून हात फिरवला. रडू आलंच नव्हतं. राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंत असताना तरी कुठं नीट रागावू दिलंत? मी भांडायला उभी राहिले की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवायचे, चिंधीला हात पुसायचे आणि म्हणायचे, "तू म्हणतीस तेबी खरं हाय." एवढं बोलून पुन्हा लेथवर. म्हणजे भांडण तिथंच मेलं. सोळा वर्षं मी तुमच्याशी एकटीच भांडले.

पहिला दिवस आठवतो का? पूर्णेहून सकाळच्या गाडीनं आले होते, हातात आयटीआयचं मशिनिस्टचं सर्टिफिकेट. परभणीच्या एमआयडीसीतल्या चार शेडांत विचारून झालं होतं. चौघांनीही विचारलं, पॅकिंगचं काम करशील का. पाचवी शेड तुमची. तुम्ही सर्टिफिकेट बघितलंच नाही. लोखंडाचा एक तुकडा दिला आणि म्हणालात, वीस मिलिमीटरवर आण. मी आणला, व्हर्निअर लावला, बरोबर वीस. खुशीत तुमच्यापुढं धरला. तुम्ही म्हणालात, "पुन्हा माप." मापलं. "आणखी एकदा." तिसऱ्यांदा थोडं वेगळं आलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "तीनदा येगळं आलं तर चूक हातात हाय, लोखंडात न्हाई. उद्यापासून ये."

दुसऱ्या वर्षी तुम्ही ते मधलं लेथ माझं म्हणून सांगितलंत आणि त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, उस्ताद, काम तुमीच करा, बाईकडं नका देऊ. तुम्ही म्हणायचे, "मंग घेऊन जा परत." हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर आज राग धरणं सोपं गेलं असतं.

आपलं रोजचं काम म्हणजे मोटारीचे बुश, दांडा आत फिरायच्या त्या छोट्या नळ्या, आणि ट्रॅक्टरच्या पिना. धार लावायचं यंत्र हे तुमचं वेड. ते काकूंच्या बोटांपायी सुरू झालं. काकूंचे सांधे धरले होते, बोथट सुरी दाबता यायची नाही. धारवाला महिन्या-दोन महिन्यांनी यायचा आणि चाकावर पातं निम्मं खाऊन जायचा. तुम्हाला लेथवर टूल घासताना बघणाऱ्याला वाटावं, याच्या बायकोची सुरी कशी असेल! पण घरी तुम्ही कधी सुरी हातात घेतलीच नव्हती. त्या दिवाळीच्या सुट्टीत भंगारातल्या एका प्रिंटरची सळई काढलीत आणि तीन दिवसांत यंत्र उभं केलंत. एका चिमट्यात सुरीचं पातं धरायचं. समोरच्या खांबातल्या भोकातून सळई यायची, सळईवर दगड. सळई पुढं-मागं केली की दगड पात्यावरून त्याच तिरप्या रेषेत जायचा, प्रत्येक वेळी त्याच. एक बाजू झाली की चिमटा फिरकीवर उलटा करायचा, मग दुसरी बाजू. हाताला काही येत नसलं तरी चालतं. काकूंनी त्या सुरीनं टोमॅटो चिरला आणि म्हणाल्या, "आता बोट सांभाळायला लागंल."

पहिली पन्नास यंत्रं तुम्ही आणि मी मिळून केली, आणि प्रत्येक यंत्रावर भांडलो. म्हणजे मी भांडले. मला चिमट्याशेजारी अंशांचे आकडे कोरायचे होते. पंधरा, वीस, पंचवीस. लोकांना आकडा आवडतो. तुम्ही म्हणालात, आकडा खोटा हाय. पातं चिमट्याबाहेर बोटभर जास्त आलं की वीसचे अठरा होतात. दगड जाड घेतला की परत बदलतात. मी म्हणाले, अठरा काय नि वीस काय, भाजी चिरायची आहे. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला तेव्हा नीट उमगलं नाही. म्हणालात, "किती अंश ते जाऊ दे. अठरा तर अठरा. पण पहिल्यांदा अठरा तर शंभराव्यांदाबी अठराच पाहिजे." आणि आकड्यांऐवजी तुम्ही प्रत्येक डब्यात एक मार्कर टाकायला लावलात. पात्याची कड काळी करायची, दगड दोनदा फिरवायचा. काळं धारेच्या टोकापर्यंत निघालं तर कोन बरोबर. टोकाला राहिलं तर दगड टोकाला पोचतच नाही, नुसता धारेच्या वरचा खांदा घासतोय.

एका भांडणात मात्र मी जिंकले, आणि सगळी वाट तिथूनच लागली.

खांबातल्या ज्या भोकातून सळई जायची, ते भोक तुम्ही एकेक करून रीमरनं घासून सळईला बसवायचे. निम्मा दिवस त्यात जायचा. मी पाटीवर गणित मांडून दाखवलं. खांबापासून पातं वीस सेंटिमीटरवर. भोक पॉइंट दोन मिलिमीटरनं मोठं झालं तरी एवढ्या लांबीवर कोन अंशाच्या सतराव्या-अठराव्या भागानं बदलतो. कुणाच्या बापाला कळणार नाही. तुम्ही पाटी नीट बघितलीत. मग म्हणालात, "बरोबर हाय तुझं." आणि त्या दिवसापासून ते भोक रीमर करायचं बंद केलंत. उस्ताद, त्या दिवशी मी पूर्णेला घरी जाऊन आईला सांगितलं होतं की आज उस्तादांनी माझं ऐकलं. तिला रीमर म्हणजे काय ठाऊक नव्हतं. तरी तिनं शिरा केला.

मग नांदेडच्या त्या व्यापाऱ्याची तीनशेची ऑर्डर आली. आपल्या दोघांच्या हातानं तीनशे होणं शक्य नव्हतं. चिमट्याच्या फिरकीचा शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश बाहेरच्या एका शेडमधून करून घ्यायचे ठरले. तुम्ही जाताना मला म्हणालात, प्रत्येक बुश शाफ्टवर घालून बघ, हलायला नको. आणि तुम्ही राणीसावरगावला गेलात, पुतणीच्या लग्नाला, चार दिवस.

बुश दुसऱ्या दिवशी आले. पहिली पेटी मापात होती. दुसऱ्या पेटीतला पहिलाच बुश मी शाफ्टवर घातला, तो हलला. व्हर्निअर लावला, आठचं भोक आठ पॉइंट दोन. दुसरा बघितला. तोही. तिसरा बरा होता. चौथा पुन्हा ढिला. गाडी परवा येणार होती. मी खुर्चीवर बसले आणि मनाशी तेच गणित मांडलं, जे मी जिंकले होते. पॉइंट दोन म्हणजे काहीच नाही. पाटीवर सिद्ध केलेलं आहे. उस्तादांनीच बरोबर म्हटलेलं आहे.

पण ते गणित वीस सेंटिमीटरचं होतं. बुश होता बारा मिलिमीटर लांबीचा. एवढ्या आखूड बुशात पॉइंट दोनचा खेळ म्हणजे पातं एक अंश खाली, एक अंश वर. दगड दाबला की झुकतं, सोडला की उठतं. दगड कधी टोकाला घासतो, कधी खांद्याला. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी तेराव्याला ओसरीवर बसलेल्या माणसांना सांगू शकते. तुम्हाला नाही सांगणार. मला बोटांना कळलं होतं. शाफ्ट हलला तेव्हाच कळलं होतं. गणित मी नंतर शोधलं, बोटांना गप्प करायला.

मी सगळे बुश पास केले. बाकी जुळवून ठेवलेल्या तीनशे यंत्रांत ते बसवले, यंत्रं गाडीत भरली.

तुम्ही आलात तेव्हा एकच जास्तीचं यंत्र मागं उरलं होतं. तुम्ही चिमटा धरून वर-खाली केलात. बुश काढून बारा मिलिमीटरची लांबी मोजलीत आणि पाटीवर माझ्याच गणिताखाली नवी ओळ लिहिलीत. उत्तर आलं आणि खडू खाली ठेवलात.

मी त्याच दिवशी कबूल करायला हवं होतं. मी भांडले. म्हणाले, "उस्ताद, सुरी आहे, विमान नाही. खाटकाचा हात बघा, न्हाव्याचा बघा, तो याच्या दुप्पट हलतो."

तुम्ही म्हणालात, "हात हलतो ते हाताला कळतं, आशा. माणूस सांभाळून घेतो. यंत्रावर भरवसा ठेवला की माणूस बघायचंच सोडून देतो."

"मग काय, तीनशे परत मागवायचे?"

"बघू."

हे तुमचं 'बघू'. ओरडला असता तर काय बिघडलं असतं? पाना फेकून मारला असता तरी चाललं असतं. मला हाकलून दिलं असतं तर मी पूर्णेला जाऊन आठ दिवस रडले असते आणि नवव्या दिवशी परत आले असते. तुम्ही नुसते 'बघू' म्हणालात, आणि मला वाटलं सुटले.

दोन महिन्यांनी पेडगावहून फोन आला. यंत्राच्या डब्यावर तुमचा नंबर होता. वच्छलाबाई म्हणून एक बाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. बाजारातून आपलं यंत्र घेतलं होतं. दर सोमवारी इमानानं धार लावायची, या बाजूनं वीस वेळा, त्या बाजूनं वीस वेळा, डब्यावर लिहिलंय तसं. पातं चकचकीत दिसायचं. त्या दिवशी डांगर कापताना सुरी आत जाईना. सुरी धारेची आहे हा भरवसा होता, म्हणून डांगरच कडक असेल असं वाटून बाईनं अंगाचा भार टाकला. पातं सटकलं. डाव्या अंगठ्याची शीर गेली.

तुम्ही पेडगावला गेलात. मला म्हणालात, तू दुकान बघ. संध्याकाळी आलात, हात धुतलेत, आणि एवढंच म्हणालात, "अंगठा वाकत न्हाई तिचा."

मी म्हणाले, "आपल्याच यंत्रामुळं झालं कशावरून? बोथट सुऱ्या घरोघर आहेत."

"नसंलबी. पण मला ठाऊक न्हाई ना. तुला हाय का?"

मला नव्हतं. आजही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुमचं हिंडणं सुरू झालं. व्यापाऱ्यानं दुकानांची नावं दिली, दुकानवाल्यांनी आठवतील त्या माणसांची. वहीत गावं लिहिलीत. पिशवीत नवे बुश, हातोडी, रीमर, मार्कर. मी म्हणाले, बुश टपालानं पाठवू, लोक बसवून घेतील. तुम्ही म्हणालात, "बुश जाईल टपालानं. बसवणारा हात कसा जाईल?" मी म्हणाले, मग मी जाते. "तू दुकान बघ." मी म्हणाले, निम्मी गावं मला द्या. "दुकान बघ, आशा." होळी झाली, पाडवा झाला, मे आला. आपल्या परभणीचं मे महिन्यातलं ऊन. दुपारी कुत्रं रस्त्यावर दिसत नाही, आणि तुम्ही सत्तरीच्या घरातले, टोपीखाली ओला रुमाल ठेवून एसटीनं जिंतूर, सेलू, पालम. परत आलात की तोंड काळवंडलेलं. मी विचारायचे, बरं वाटतंय ना? "उनाचं हाय."

उनाचं नव्हतं. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी तुमच्या व्हर्निअरची पेटी उघडली. आत डॉक्टरांचा कागद होता, घडी घालून, व्हर्निअरच्या खाली. फेब्रुवारीतला. हृदय कमजोर आहे, उन्हात जायचं नाही, दगदग करायची नाही. काकूंना माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. ही पेटी माझ्याशिवाय दुसरं कुणी उघडत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणजे मला कधीतरी कळावं असं वाटत होतं, पण तुमच्या देखत नाही. हे काय वागणं झालं?

काकू सांगत होत्या, गंगाखेडहून आलात, पायातलं काढलंत, म्हणालात जरा आडवा होतो. त्या माठातलं पाणी घेऊन आल्या, तेवढ्यात. वही उशाशी होती. त्यात बत्तीस नावांपुढं खूण नव्हती.

काकूंनी ती वही मला दिली. म्हणाल्या, "बघ बाई, ह्याचं काय करायचं ते." मी सांगितलं, ठेवते. त्यांना सांगायला हवं होतं की हे हिंडणं कुणामुळं झालं. माझं तोंड उघडलं नाही. तुमच्याकडूनच शिकले असेन.

आता परवाचं सांगते. तेराव्याहून मी तडक शेडवर आले. कुलूप काढून आत बसले. थोड्या वेळानं दारात एक बाई उभी. डोक्यावर पदर, पन्नाशीच्या आसपास. म्हणाली, "उस्तादांच्या घरी गेलते. तिथं म्हणले, त्यांच्या दुकानात काम करणारी बाई आत्ताच गेली. तुमीच का?"

मी म्हणाले, हो. तिनं पदराखालून डावा हात काढला. अंगठा सरळ ताठ. मला नाव विचारायची गरज उरली नाही.

मी स्टूल दिलं. ती बसली नाही. म्हणाली, "ते आमच्या घरी आले ना, तवा मी त्यांना पायरी चढू दिली न्हाई. मी लय बोलले. वाट्टेल ते बोलले. शाळेतलं शिजवायचं काम गेलं, आता मी तिथं ताटं धुते. म्हणलं, तुमच्या पोरीचा हात असा झाला असता तर? म्हातारं माणूस उनात उभं. एक शबुद उलटा न्हाई. समदं झाल्यावर म्हणले, बाई, तो बुश मी तपासला न्हाई. आळस माझा."

मी स्टूल पुन्हा तिच्याकडं सरकवलं.

"पुना एकदा आले. यंत्र नीट करून गेले. मी पाणीसुदीक दिलं न्हाई. आज म्हणलं जावं, पाया तरी पडावं. तर तिथं नुसता फोटो."

उस्ताद, मी त्या वेळी गप्प बसले असते तर ती पदर सावरून निघून गेली असती. तुम्ही देवमाणूस राहिला असता, मी तुमच्या दुकानातली बाई राहिले असते. तुमची तशीच इच्छा होती ना? तुम्ही सगळं तसंच रचून ठेवलं होतं. माझ्या नावाला कुठं डाग नाही. पेडगावच्या त्या अंगणात माझ्याबद्दल तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत.

मी म्हणाले, "वच्छलाबाई, तो बुश मी पास केला होता. उस्ताद गावाला गेले होते. मला सांगून गेले होते की तपास. मी तपासला. हलत होता. तरी पाठवला."

बाहेर शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, तो थांबला, पुन्हा सुरू झाला.

"मंग ते का म्हणले माझं हाय म्हणून?"

"माहीत नाही."

"तुमी कुठं होता तवा?"

"इथंच. ह्या लेथवर."

ती आता स्टुलावर बसली. ताठ अंगठा दुसऱ्या मुठीत धरला. म्हणाली, "ज्यांचं न्हवतं त्यांना मी शिव्या दिल्या. अन् ज्यांचं होतं त्या इथं सावलीत."

"आता द्या. मी ऐकते."

"आता काय देऊ बाई? माझ्याजवळचं समदं त्यांच्यावरच सरलं."

ती उठली. मी चहा करते म्हणाले, ती नको म्हणाली. माफ केलं असंही म्हणाली नाही. मला त्याचं बरं वाटलं. दारापाशी थांबून तिनं विचारलं, "अजून किती राहिलेत?"

"बत्तीस."

"मंग हिंडा," म्हणाली आणि गेली.

समजलं का तुम्हाला तुम्ही काय केलंत? तुम्हाला वाटलं पोरीला वाचवलं. वाचवलं कुणाला? त्या बाईच्या तोंडचं हक्काचं बोलणं तुम्ही चुकीच्या पत्त्यावर घेतलंत. तिला आता त्याचाही पश्चात्ताप. अंगठा गेला तो गेला, वर एका निर्दोष म्हाताऱ्याला बोलल्याचं ओझं. आणि मी? मला तुम्ही सोळा वर्षांत व्हर्निअर धरायला शिकवलंत, टूलला कोन द्यायला शिकवलंत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून नाही म्हणायला शिकवलंत. चूक केल्यावर तिच्या दारात कसं उभं राहायचं, तेवढं एक शिकायची वेळ आली तर म्हणालात दुकान बघ. तुम्ही मला कारागीर मानत होतात ना? मग कारागिराची चूक कारागिराची असते. तुम्ही मला पुन्हा पॅकिंगवर बसवलंत, उस्ताद.

काल सकाळी शेडला कुलूप घातलं आणि वही घेऊन निघाले. राहिलेल्यातलं पहिलं नाव चुडाव्याचं. गाडीनं गेले. स्टेशनापासून चालत गेले तर घामानं पिशवीचा पट्टा खांद्याला चिकटला. एवढ्या उन्हात तुम्ही कसे हिंडलात या विचारानं जीव कळवळला आणि लगेच पुन्हा चीड आली.

घरात एक आजीबाई होत्या, सून शेतात गेलेली. मी वाटेत पाठ केलेलं सगळं दारातच म्हणून टाकलं. यंत्र आमच्या दुकानचं. त्यात दोष आहे. तो माझ्या हातून झाला, मी तपासून पास केलं होतं. मी ते नीट करायला आले आहे.

आजीबाई म्हणाल्या, "कसला दोष? लय झ्याक हाय ते. आत ये, उनात उभी नको राहूस."

त्यांनी पाणी दिलं, यंत्र आणून दिलं. फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. मी चिमटा धरून वर-खाली केला. हलेना. बुश काढला, माप घेतलं. आठ पॉइंट झिरो तीन. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. तेवढंच. हा पहिल्या पेटीतला असणार. त्यांची सुरी मागितली, कड काळी केली, दगड दोनदा फिरवला. काळं टोकापर्यंत साफ निघालं, दोन्ही बाजूंनी.

मी नवा बुश हातात घेऊन बसले होते. आजीबाई म्हणाल्या, "बदलायचं आसंल तर बदल की. आलीच हायेस तर."

तुम्ही बदललाच असता. मला शंका नाही. एवढ्या लांबून आलोय, नव्याची खात्री आहे, जुन्याची कशाला ठेवा. असं म्हणून बदलला असता. माझं म्हणणं वेगळं आहे. बुश सहा महिने आपल्या घरात, म्हणजे ज्या भोकात ठोकलाय तिथं, रुळला आहे. ठोकून काढला की ते घरच ढिलं होईल, नवा तितका घट्ट बसणार नाही. चांगल्या कामाला हात लावू नये. मी मापलं आहे, तीनदा मापलं आहे.

मी तो नवा बुश पिशवीत परत टाकला. आजीबाईंना सांगितलं, तुमचं यंत्र चांगलं आहे, असंच वापरा. वहीत तुमच्या खुणेसारखी खूण केली नाही. 'तपासलं, बदललं नाही' असं लिहिलं आणि खाली माझं नाव लिहिलं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. पूर्णेपर्यंत मी मनात तुमच्याशी भांडत होते. मुद्दे सगळे माझेच होते, उत्तरंही मीच देत होते. माझं बरोबर असेल. नसेलही. हे मला सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते मला न विचारता, न सांगता, उन्हात हिंडून मरून गेलं. उद्या पालमला जाणार आहे. तुम्हाला मी माफ केलेलं नाही.

आशा